सुट्टीत सेवेला येताय? सांगली-मिरजेत बायकांसोबत काम करण्याआधी एवढं वाचा

मार्चअखेर परीक्षा आटपत आल्या की फोन सुरू होतात. "ताई, सुट्टीत सेवा करायची आहे. वेश्यावस्तीतल्या मुलींना सोडवायचं काम आहे ना तुमच्याकडे?" बोलणारी पोरगी साधारण २०-२१ वर्षांची, कुठल्या तरी चर्चच्या मंडळीच्या तरुण संघातली, मनाने चांगली. तिला पहिल्याच फोनवर मी सांगते, सोडवायचं काम पोलिसांचं. आपलं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं, आणि त्यातला निम्मा वेळ झेरॉक्सच्या दुकानात जातो. हे ऐकून बऱ्याच जणी पुन्हा फोन करत नाहीत. ज्या करतात त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी मिरजेची. घरात ख्रिस्ती वातावरण, आजी वानलेस हॉस्पिटलच्या गोष्टी सांगायची. १८९४ साली सुरू झालेला तो दवाखाना म्हणजे आमच्याकडे सेवेचं मोजमाप. त्यामुळे सेवा म्हटलं की आपण देणारे आणि समोरचा घेणारा, असंच डोक्यात बसलेलं. ते निघायला मला दोन उन्हाळे लागले.

मार्चमध्येच उरकायच्या गोष्टी

ज्या संस्थेबरोबर काम करणार तिने तुमच्याकडे चार गोष्टी मागायला हव्यात: पाळकसाहेबांचं पत्र, पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला, मुलांच्या सुरक्षेच्या नियमांवर सही आणि घरच्यांचा नंबर. दाखल्याला वेळ लागतो, अर्ज आधीच टाका. यातलं काही न मागता "या, उद्यापासून सुरू करू" असं कुणी म्हणालं तर तिकडे जाऊ नका. जी संस्था तुमची चौकशी करत नाही ती कुणाचीच करत नाही, आणि या कामात वाईट हेतूने शिरणारी माणसंही असतात.

सुती पंजाबी ड्रेस, ओढणी, धुता येईल अशी चप्पल, पाण्याची बाटली. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो. मंडळीच्या ग्रुपचा, छातीवर सुटका-बिटका छापलेला टी-शर्ट घरीच ठेवा. वस्तीतल्या बाईला ते वाचता येत नसलं तरी पोरांना येतं, आणि पोरं ते मोठ्याने वाचतात.

कन्नडचे दोन शब्द शिकून या. बऱ्याच बायका सीमेपलीकडच्या. "ऊटा आयता?" म्हणजे "जेवण झालं का?" एवढं आलं तरी पुरे.

मुलगे विचारतात, आम्ही काय करायचं? वस्तीत घरात शिरायचं नाही. कार्यालयातले अर्ज, दवाखान्याच्या फेऱ्या, शाळांच्या चौकशा, गाडी चालवणं ही कामं त्यांची. हे ऐकून तोंड वाकडं करणारा मुलगा मी परत पाठवते.

या गावाचा इतिहास

सांगलीत या विषयावर तुमच्या-माझ्या आधी खूप काम झालेलं आहे, आणि ते बहुतेक आपल्या लोकांनी केलेलं नाही. १९९२ पासून इथे 'संग्राम' ही संस्था एड्सच्या प्रश्नावर काम करत आली. त्यातूनच १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. धंदा करणाऱ्या बायकांची स्वतःची संघटना. निरोध वाटण्यापासून पोलीस ठाण्यात जाब विचारण्यापर्यंत सगळं त्या स्वतः करतात.

२००५ साली बाहेरून आलेल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या पुढाकाराने सांगलीतल्या गोकुळनगर या वस्तीत पोलिसांचा छापा पडला. संघटनेच्या बायकांनी त्यावर उघड टीका केली. वाचवायला येणाऱ्यांपासूनच आम्हाला वाचवा, अशा अर्थाची त्यांची घोषणा तुमच्या कानावर येईलच. ती ऐकून राग मानू नका. गळ्यात क्रूस घालून तुम्ही त्या गल्लीत शिरता तेव्हा कुणाला तरी तो छापा आठवतो, एवढं ध्यानात ठेवा.

त्यांचं सगळं म्हणणं मला पटतं असं नाही. माणूस विकत घेता येतो ही गोष्ट मला देवाच्या प्रतिमेचा अपमान वाटते आणि वाटत राहील. पण अल्पवयीन मुलगी तिथे असता कामा नये आणि कुणालाही जबरदस्तीने ठेवता येत नाही, यावर आमचं आणि त्यांचं भांडण नाही. कामाला एवढी जागा पुरते.

शब्दांचंही बघा. पोलिसांच्या कागदात 'पीडित महिला' असते, मंडळीच्या प्रार्थनेत 'पतित भगिनी'. बायका स्वतः "धंदा" म्हणतात, घर चालवणारीला "घरवाली", येणाऱ्याला "गिऱ्हाईक", आणि जो एकच पुरुष कायमचा येतो, पोरांचा बाप असतो, त्याला "मालक". तुम्ही यातला एकही शब्द वापरायचा नाही. फक्त कळला पाहिजे. तुमच्यापेक्षा मोठी असेल तर मावशी किंवा अक्का, बरोबरीची असेल तर ताई. 'पतित' हा शब्द मात्र सांगलीला येण्याआधीच टाकून द्या.

कायदा, लागेल तेवढाच

पोलीस ज्याला 'पिटा' म्हणतात तो १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, बाई आणून देणं, रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावणं, शाळा-देवळांसारख्या ठिकाणांजवळ धंदा करणं हे त्यात गुन्हे आहेत. प्रौढ बाईने स्वतःच्या मर्जीने धंदा करणं हा मुळात गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींना सुधारगृहातून सोडताना हेच सांगितलं, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छाप्यात अशा बायकांना अटक करू नका, त्रास देऊ नका, त्यांची ओळख उघड करू नका असे निर्देश दिले.

माणसांची तस्करी हा वेगळा आणि फार गंभीर गुन्हा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे, त्याआधी दंड संहितेचं कलम ३७० होतं. फसवून, धाक दाखवून, पैशाचं आमिष दाखवून आणलेलं असेल तर "ती हो म्हणाली होती" ही सबब चालत नाही.

म्हणून मनात ठेवायचा प्रश्न "ही धंदा करते का" हा नव्हे. हिला उद्या उठून जायचं असेल तर जाता येईल का? हिचा फोन, आधार, पैसे कुणाकडे आहेत? अंगावर कुणाचं कर्ज आहे का? उत्तरं आपोआप दिसतात. विचारावी लागत नाहीत.

पहिली भेट

वेळ दुपारची, बारा ते तीन. सकाळी बायका उशिरा उठतात, नळाला पाणी येतं, अंघोळी, स्वयंपाक चालू असतो. चारनंतर आवराआवर सुरू होते आणि मग तुम्ही तिथे असलात तर त्यांची कमाई बुडते. नेहमी दोघीजणी जा. पैकी एक जुनी हवी.

"तुम्ही इथे कशा आलात?" हे कधीही विचारू नका. हा प्रश्न त्यांना पत्रकाराने विचारलाय, प्रबंध लिहिणारीने विचारलाय, तीन-चार संस्थांनी विचारलाय. त्यावर त्यांच्याकडे एक तयार गोष्ट असते. ती ऐकून तुम्ही रडता, त्या तुमच्या पाठीवर हात फिरवतात आणि तुम्ही गेल्यावर हसतात. तो हक्क त्यांना आहे.

मला पहिल्या उन्हाळ्यात आत घेतलं ते उडदाच्या पापडांनी. मे महिना, गच्चीवर बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं, चार बायका लाट्या करत बसलेल्या. मी आपली कोपऱ्यात पिशवी धरून उभी. त्यातल्या वयस्क मावशीने वर न बघता विचारलं, "लाटणं धरता येतं का नुसतं पुस्तकच?" मी बसले. माझा पहिला पापड तिने दोन बोटांनी उचलून उन्हात धरला. "ह्यो पापड हाय का कर्नाटकाचा नकाशा?" सगळ्या हसल्या. तासाभराने, माझे पापड जरा गोल व्हायला लागल्यावर, तिने विचारलं, "किती दीस हाईस?"

"जूनपर्यंत."

"मग बरं. सांगितलंस त्ये बरं केलंस. मागल्या साली एक पोरगी यायची. येते म्हनून गेली, आलीच न्हाई. ही," तिने समोरच्या एका तरुण बाईकडे लाटणं दाखवलं, "श्रावनापर्यंत दारात बघायची."

त्या दिवसापासून माझा नियम आहे. जाण्याची तारीख पहिल्याच दिवशी सांगायची. तुम्ही दीड-दोन महिन्यांसाठी आलाय. दोन महिन्यांत जे पुरं होणार नाही ते सुरू करू नका, आणि जे सुरू कराल ते कुणाच्या हातात देऊन जायचं हे आधी ठरवा. "मी तुला इथून बाहेर काढीन" हे वाक्य तोंडातून निघालं की तुमची सुट्टी वाया गेली आणि तिचं वर्ष.

चहा-पाणी देतील. घ्या. ओठाला लावून ठेवून देऊ नका, ते लगेच दिसतं. बायबलातल्या, विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी येशूने बोलणं काढलं ते तिच्याकडे पाणी मागून. आधी त्याने मागितलं, उपदेश मग झाला. आपण हे प्रवचनात शंभरदा ऐकतो आणि गल्लीत गेल्यावर बाटली पर्समधून काढतो.

मुलगी लहान वाटली तर

इथे मात्र ऐकून घेणं, नातं जोडणं वगैरे काही नाही. १८ वर्षांखालची वाटली, वयाबद्दल नुसती शंका आली, तरी मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, तुमचासुद्धा.

तिथे काही बोलू नका. तिला वय विचारू नका, फोटो काढू नका, घरवालीशी वाद तर अजिबात नको. तुमच्या चेहऱ्यावर दिसलं तरी तासाभरात मुलगी दुसऱ्या गावात असते. चहा संपवा, नेहमीसारख्या उठा, बाहेर पडून संस्थेच्या ताईंना सांगा. मग १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस). जिल्हा पोलिसांकडे अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष असतो, जुन्या कार्यकर्त्यांना तिथलं माणूस माहीत असतं. सांगताना तर्क नको. कुठलं घर, कितवा मजला, किती वाजता पाहिलं, अंगावर काय होतं. लगेच वहीत लिहा.

पुढे मुलीला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं आणि कुठे ठेवायचं ते समिती ठरवते. छापा बघायला जायचं नाही. हट्ट धरणारे असतात. तो काही सिनेमा नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत तुम्हालाच जायचंय.

मिरज जंक्शनवरही डोळे उघडे ठेवा. दक्षिण, कोल्हापूर, पुणे सगळीकडच्या गाड्या तिथे मिळतात. स्वतःचं तिकीट, फोन हातात नसलेली, बरोबरच्या माणसाकडे बघून उत्तर देणारी, आपण कुठे चाललोय हे न सांगता येणारी मुलगी दिसली तर रेल्वे सुरक्षा दलाला गाठा किंवा १३९ लावा. त्यांच्याकडे यासाठी 'आहट' नावाची मोहीमच आहे. चूक निघाली तर निघाली. एकदा माझी निघाली होती, तो खराच मामा होता. मी माफी मागितली. त्याने उलट मलाच चहा पाजला.

कागद

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी भाग हाच.

बाईकडे आधार नसतं, कारण पत्त्याचा पुरावा नसतो. पुरावा नसतो कारण घरमालक लिहून देत नाही. आधार नाही म्हणून रेशन नाही, बँक नाही, म्हणून पैसे घरवालीकडे. ही गाठ सुटली की बाकीचं बरंच आपोआप सैल होतं. पत्त्याचा पुरावा नसला तरी आरोग्य विभागाच्या किंवा एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार देता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या त्याच प्रकरणात पुढे आलं. कागदावर धंद्याची खूण दिसता कामा नये हेही त्यात आलं. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. आदेशाची प्रत पिशवीत ठेवा आणि आवाज चढवू नका.

धंदा सोडलेल्या बाईला संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो. विधवा, देवदासी यांनाही. महिना १५०० रुपये, अर्ज तहसील कार्यालयात. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. मारहाण झाली तर १८१ (महिलांची हेल्पलाइन) आणि सरकारी मदतीचं सखी केंद्र.

दवाखान्यात बरोबर जाल तेव्हा एक गोष्ट गाठीला बांधा. एचआयव्हीवरच्या, एआरटीच्या गोळ्या सरकारी रुग्णालयात फुकट मिळतात आणि २०१७ च्या कायद्याने कुणाचा एचआयव्हीचा निकाल तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा नाही. "एका बहिणीला तो आजार आहे, नाव सांगत नाही, पण आपल्या शिवणवर्गातली" असं झालं की नाव सांगितल्यासारखंच.

१५ जूनच्या आधी

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. तुमच्या सुट्टीत पुरं होऊ शकेल असं हे एक काम आहे, म्हणून मी नव्या मुलींना पहिल्यांदा यावरच लावते.

दाखल्यावर बापाचं नाव काय लिहायचं, यावरच बहुतेक बायका अडतात आणि शाळेच्या पायरीवरून परत येतात. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की एकट्या आईला बापाचं नाव न देता मुलाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांकडे आईबरोबर जा. बोलायचं आईने. तुम्ही फक्त शेजारी बसायचं. एका शाळेत सरांनी सगळ्यांसमोर "वडील काय करतात?" विचारलं. बाई खाली बघायला लागली, मी तोंड उघडणार तेवढ्यात सात वर्षांचा पोरगा म्हणाला, "आई करते की सगळं." सरांनी पुढचा रकाना भरला.

सुट्टीतली बायबल शाळा वस्तीतल्या मुलांसाठी भरवायची का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. माझं मत: नको. गाणी, चित्रं, वाचन, पाढे, दुपारी दोन तास सावली आणि भडंगाची पुडी, एवढं ठेवा. ज्या आईला मुलांना रविवारी चर्चमध्ये पाठवायचं असेल ती पाठवेल.

हेच प्रार्थनेबद्दल. कुणी म्हणाली "माझ्यासाठी मागा", तर तिथेच, हळू आवाजात, दोन वाक्यांत मागा. कुणी म्हणाली नाही तर खोलीवर जाऊन मागा. आधार कार्डाच्या रांगेत धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटू नका. ज्या बाईला तुमच्याकडून रेशनचा अर्ज भरून हवाय ती तुमच्या देवाला नाही म्हणू शकत नाही, आणि नाही म्हणता येत नसेल तर त्या हो ला काय अर्थ? तिच्या भिंतीवर यल्लम्मा आहे. तिच्यासमोर उदबत्ती लावत असेल तर लावू दे, तुम्ही थांबा.

फोटो

नको. पाठमोरासुद्धा नको. तिसऱ्या उन्हाळ्यात मंडळीच्या वार्तापत्रासाठी मी एक काढला होता. बाई पाठमोरी, दारात बसलेली, वेणी घालून घेत होती. चेहरा नाही म्हणून मी निर्धास्त. वार्तापत्र कुणाच्या तरी फोनवरून तिच्या गावातल्या माणसाकडे गेलं. त्या गावात सगळे समजायचे, ती मिरजेत दवाखान्यात आया आहे. तिची हिरव्या काठाची साडी भावाने दिवाळीला घेतलेली होती, ती भावाने ओळखली. ती मला रागावली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "ताई, आता राखीला कुठं जाऊ?"

मंडळीत साक्ष द्यायला बोलावतील. तुम्ही काय शिकलात ते सांगा, तुमचे वाकडे पापड सांगा. तिची गोष्ट तिची आहे.

निवारागृहात नेमणूक झाली तर

तिथलं काम वेगळं, आणि खरं सांगायचं तर जड. तिथल्या सगळ्याच जणी स्वतःहून आलेल्या नसतात. न्यायदंडाधिकारी १ ते ३ वर्षांपर्यंत ठेवण्याचा आदेश देऊ शकतो, आणि काही जणींना तो तुरुंगच वाटतो. रात्री झोप नसते, दारू किंवा गोळ्या सुटताना अंग थरथरतं, एखादी अंगावर येते. मनावर घेऊ नका.

शिलाई मशीन हे आपल्या संस्थांचं आवडतं औषध. पंडिता रमाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी केडगावला बायकांच्या हाती छापखाना आणि हातमाग दिले, आपण अजून परकर शिवतोय. काय शिकायचंय ते तिला विचारा. मिरजेत दवाखाने पावलोपावली आहेत, रुग्णसेवेचं काम मिळतं. तासगाव भागात बेदाण्याची निवड चालते. कुणाला दुचाकी शिकायची असते. एकीला फक्त सही शिकायची होती. पंधरा दिवस तिने वहीची पानंच्या पानं सह्या केल्या, आणि प्रत्येक वेळी आडनाव बदललं.

निघताना

शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन काही हाती घेऊ नका. वही काढा. कुणाचा अर्ज कुठल्या टेबलावर, पावतीचा नंबर, पुढची तारीख, दवाखान्याची फेरी कधी, हे सगळं पुढच्या ताईला समोर बसून समजवा आणि त्या बाईशी तिची गाठ घालून द्या. तुमचा खासगी नंबर द्यायचा का? मी देत नाही. संस्थेचा देते.

भेटवस्तूंचा ढीग नको. निरोपाचा कार्यक्रम नको. दुपारी नेहमीच्या वेळी जा, चहा प्या, सांगा की उद्यापासून येणार नाही. मावशी बहुतेक डब्यात पापड भरून देतील. डबा परत द्यायला जायचं निमित्त होतं म्हणून मी तो ठेवून घेत नाही, पापड पिशवीत काढून घेते आणि डबा तिथेच धुऊन ठेवते.